भूलोकमल्लाचा गळ

इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ट्राउटच्या नद्यांवर सप्टेंबरअखेर लगबग वाढते, कारण तपकिरी ट्राउट धरायचा हंगाम बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो. पुढे माशांचे अंडी घालायचे दिवस येतात. त्याआधीच्या या थोड्या आठवड्यांत उन्हाळ्यात कोमटलेलं पाणी पुन्हा गार व्हायला लागतं आणि मासा हिवाळ्याआधी पोट भरून घेत असतो. तो प्रवाहात एखाद्या दगडाच्या आडोशाला, तोंड वरच्या अंगाला करून जवळजवळ स्थिर राहतो आणि पाण्याबरोबर वाहत आलेला किडा पुढ्यातून गेला की उचलतो. फ्लाय-फिशिंग म्हणजे या सवयीचा फायदा घेणं. पिसं, लोकर आणि दोरा गळाभोवती गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि ती पाण्यावर अशी सोडायची की खऱ्या माशीसारखी वाहत जाईल. माशीने मासा धरायचा.

त्याच दिवसांत धाराशिव जिल्ह्यात उत्तरा संपून हस्त लागलेलं असतं. वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख, आणि त्यातला मोठा वाटा परतीच्या वाटेवरचा पाऊस कधीकधी चार दिवसांत देऊन टाकतो. २०२५च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरानं परंडा आणि भूम तालुक्यांत जे केलं ते अजून ताजं आहे. बालाघाटाच्या माथ्यावरचा हा जिल्हा दोन मोठ्या नद्यांच्या पाणलोटांत वाटला गेला आहे. तेरणा आणि मांजरा गोदावरीकडे जातात, सीना आणि बोरी भीमेकडे. सगळ्यांचं पाणी या दिवसांत चहाच्या रंगाचं असतं, कारण काळी माती पाण्यात लवकर विरघळते आणि उशिरा बसते. चित्रा लागल्यावर पाणी निवळायला लागतं, दिवाळीपर्यंत ते बऱ्यापैकी नितळ होतं, आणि मग धार बारीक होत जाते. पौष-माघात पुष्कळ ठिकाणी नदी म्हणजे एकापुढे एक डोह, आणि मधे कोरडे खडक. पाणी वीस अंशांच्या वर बराच काळ राहिलं की ट्राउट हैराण होतो. आपल्याकडे तेवढं गार पाणी फक्त माठात असतं.

म्हणजे ज्या नदीवर गळाची कला जगभर नावाजली गेली ती नदी बारमाही, थंड आणि वाहती. आणि आपली नदी दोन महिने पूर, दोन महिने प्रवाह आणि बाकी वर्ष डोह. अशा नदीवर गळ टाकण्याचं काही शास्त्र होऊ शकतं का? ते झालं होतं, लिहून ठेवलं गेलं होतं, आणि ते जिथं लिहिलं गेलं ते ठिकाण उमरग्याहून गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे.

ते ठिकाण म्हणजे कल्याणी, आजचं बसवकल्याण. धाराशिवचा बराचसा भाग बाराव्या शतकात ज्या चालुक्यांच्या राज्यात होता, त्यांची ही राजधानी. सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर ११२६-२७च्या सुमारास गादीवर आला आणि ११३८पर्यंत राज्य करून गेला. ‘भूलोकमल्ल’ हे त्याचं बिरुद. लढाया त्यानं फारशा गाजवल्या नाहीत. त्याच्या नावावर राहिला तो एक ग्रंथ, ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणी’. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, असे शंभर अध्याय, सगळे संस्कृत पद्यात. राज्य कसं मिळवावं इथपासून हत्तीची परीक्षा कशी करावी, भिंतीवर चित्र काढण्याआधी गिलावा कसा द्यावा, मांडे कसे भाजावेत इथपर्यंत सगळं.

मराठी वाचकाला हा ग्रंथ दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक असतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख त्यात आहे, आणि गाण्याच्या प्रकरणात जुन्या मराठीचे तुकडे सापडतात. त्यामुळे मराठीच्या आरंभकाळाची चर्चा ‘मानसोल्लास’ला वळसा घालून पुढे जात नाही. ग्रंथाचा काळ ठरतो तो ग्रहगणिताच्या भागावरून. तिथं गणिताची सुरुवात म्हणून शके १०५१ हे वर्ष धरलं आहे, म्हणजे इसवी सन ११२९. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच पटेल: संगणकांची घड्याळं १ जानेवारी १९७०पासून सेकंद मोजतात, त्यावरून ती कुठल्या काळात घडवली गेली हे उद्या कुणालाही सांगता येईल. सोमेश्वराच्या ग्रंथानं आपली जन्मतारीख अशीच, न सांगता सांगून ठेवली आहे.

चौथा भाग विनोदांचा, म्हणजे राजाच्या करमणुकींचा. मल्लयुद्ध, कोंबड्यांच्या झुंजी, ससाण्यांची शिकार, नृत्य, कथा. आणि त्यातच मत्स्यविनोद. मासे गळानं धरण्याचा हा अध्याय शिकारीच्या बरोबरीनं स्वतंत्र उभा केला आहे. त्यात तीसहून अधिक माशांची नावं येतात. समुद्रातले कुठले, नदीतले कुठले, खवल्यांचे कुठले, बिनखवल्यांचे कुठले, थोराड कुठले, लहान कुठले, अशी त्यांची विभागणी केली आहे. मग कुठल्या माशाला काय खायला घालावं हे येतं: काहींना पिठा-भाताचे गोळे, मांसाहारी माशांना मांस. दोरी कुठल्या झाडाच्या धाग्यांची वळावी, काठी कशी असावी, गळ कसा असावा हेही येतं.

हा ग्रंथ शतकानुशतकं हस्तलिखितांत पडून होता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी तो संपादित केला. पहिला खंड १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली निघाला. मत्स्यविनोदाकडे मासे जाणणाऱ्या माणसाचं लक्ष गेलं ते मात्र सुंदरलाल होरा यांच्यामुळे. होरा भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते, आणि देशातल्या खेळाच्या माशांवर त्यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दीर्घ लेखमाला लिहिली होती. १९५१ साली त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या अध्यायावर लेख लिहून त्यातले मासे ओळखायचा प्रयत्न केला. पुढे २००५मध्ये नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनी पुन्हा त्यावर काम केलं. मराठीत मात्र ‘मानसोल्लास’मधल्या ओव्यांवर जितकी शाई खर्च झाली, त्याच्या शतांशही त्यातल्या माशांवर झालेली नाही.

इथं एक मोह टाळायला हवा. इंग्लंडमध्ये गळावरचं पहिलं छापील पुस्तक १४९६ सालचं. आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक १६५३चं. सोमेश्वर त्या पहिल्या पुस्तकाच्याही साडेतीनशे वर्षं पुढे आहे. ही तुलना हाती लागली की ‘जगातलं पहिलं’ असा फलक लावायला हात शिवशिवतात. पण इसवी सन २००च्या आसपास ईलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या नदीवरची हकिगत लिहून ठेवली आहे. तिथले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसं बांधत आणि ठिपक्याठिपक्यांचे मासे धरत. फ्लाय-फिशिंगचा सगळ्यात जुना उल्लेख म्हणून तोच दाखवला जातो. सोमेश्वराचं महत्त्व पहिलेपणात नाही. त्याची पद्धत वेगळी आहे, आणि ती वेगळी का आहे हा प्रश्न मला जास्त धरून ठेवतो.

मॅसिडोनियातला किंवा इंग्लंडमधला गळ फसवणुकीवर चालतो. मासा आधीच जेवायला बसलेला आहे, त्याच्या ताटात तुम्ही खोटा घास सरकवता. मत्स्यविनोदातला गळ सवयीवर चालतो. आधी मासा कुठला ते जाणायचं, त्याला आवडेल ते अन्न नेमक्या जागी घालत राहायचं, तो तिथं जमायला लागला की मग गळ. एकात कौशल्य मनगटात असतं, दुसऱ्यात स्वयंपाकघरात आणि दिनक्रमात. राजाला हे परवडतं हे खरं, रोज चारा टाकायला त्याची माणसं आहेत. पण तेवढ्यानं भागत नाही. वाहत्या पाण्यात टाकलेले पिठाचे गोळे दोन मिनिटांत पुढच्या गावाला जातील. सवय लावायला साचलेलं पाणी लागतं आणि त्या पाण्यातून निघून जाता न येणारा मासा लागतो. म्हणजे तळं लागतं, किंवा डोह. माझा तर्क असा की मत्स्यविनोद हे डोहाचं शास्त्र आहे. ज्या मुलखात नदी वर्षातले सात-आठ महिने डोहांतच जगते, तिथं गळाची कला निघाली तर ती अशीच निघणार. पावसाळ्याअखेर पाणी उतरायला लागलं की मासे आपोआप डोहांत गोळा होतात, पाणी निवळलं की ते दिसायला लागतात, आणि तिथून पुढे राजाचा हंगाम. विलायतेत ज्या आठवड्यांत काठ्या गुंडाळून ठेवतात, त्याच आठवड्यांत इथं त्या बाहेर काढायच्या.

आता राजाला हे सगळं सांगितलं कुणी? कल्याणी समुद्रापासून शेकडो मैल दूर. तिथं बसून समुद्रातले, खाडीतले, नदीतले मासे वेगळे करून त्यांच्या खाण्याच्या आवडी लिहिणं हे दरबारी पंडिताचं काम नव्हे. नावंच साक्ष देतात. होरा यांनी ‘सोर’ म्हणून येणारा समुद्री मासा शार्क ठरवला; तमिळमध्ये आजही शार्कला ‘सुरा’ म्हणतात. संस्कृत श्लोकांत असे देशी शब्द विभक्तीचे प्रत्यय लावून बसवले आहेत. शब्द कोळ्या-भोयांचे, वृत्त राजाचं.

काही ठिकाणी उलटंही झालं असावं. यादीत ‘रोहित’ आहे. रोहित म्हणजे रोहू असं आपण सहज समजतो, पण रोहू मूळचा गंगेच्या खोऱ्यातला. दख्खनच्या नद्यांत तो माणसानं आणून सोडला असं मत्स्यशास्त्रज्ञ मानतात. मग सोमेश्वराचा रोहित कुठला? एकतर जुन्या संस्कृत ग्रंथांतून आलेलं नाव सवयीनं लिहिलं गेलं, किंवा रोहूच्याच कुळातल्या एखाद्या इथल्या तांबूस माशाला ते दिलं गेलं. मला दुसरं जास्त संभवतं, कारण बाकी अध्याय पाण्यात हात घातलेल्या माणसांचा वाटतो.

यानंतर जवळजवळ सात शतकं दख्खनच्या गोड्या पाण्यातल्या माशांवर असं काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. सोमेश्वरानंतर तीसेक वर्षांतच कल्याणीत बसवेश्वरांची चळवळ उभी राहिली, पुढे तेरचे गोरोबाकाका आणि वारकरी परंपरा. या सगळ्या मुलखाच्या मनात मासे मारणं हे हलकं, हिंसेचं काम ठरत गेलं. संतवाङ्मयात मासा येतो, वारंवार येतो. पण तो पाण्यावाचून तळमळणारा असतो, नाहीतर आमिषाला भुलून गळाला लागणारा. आपल्या भाषेनं गळाची गोष्ट सांगितली ती माशाच्या बाजूनं. ती बाजू मला कमी मोलाची वाटत नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की गळाच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस होता, त्याला काय ठाऊक होतं हे मराठीत कुणी विचारलं नाही.

पाण्याचं शास्त्र मात्र थांबलं नव्हतं. १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घातला गेला आणि त्याच्या पोटातच पाणी महाल बांधला. नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन धारा कोसळतात, त्यांना ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात, आणि महालाच्या सज्जात उभं राहिलं की पाणी डोळ्यांसमोरून खाली जातं. दगडी बंधाऱ्याच्या मागे जे साठलं तो खरं तर माणसानं घडवलेला डोहच. १८५३मध्ये निजामानं हा जिल्हा इंग्रजांकडे सोपवला, तो १८६०मध्ये परत गेला. त्या मधल्या काळात इथला कारभार पाहणारा मेडोज टेलर आपल्या आत्मचरित्रात या किल्ल्याचं आणि बंधाऱ्याचं तोंड भरून कौतुक करतो.

टेलरच्या आधी एक पिढी, जवळच्याच मुलखात, दुसरा एक साहेब फिरून गेला होता. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. १८२४ ते १८३१ तो दख्खन पिंजत होता. पिकं, लोकसंख्या, पक्षी, हवेचा दाब, पाऊस, जे मोजता येईल ते त्यानं मोजलं. १८३८-३९मध्ये त्यानं लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या माशांवर निबंध मांडला. चाळीसहून अधिक जाती, बहुतेक विज्ञानाला नव्या. मासे मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातले: मुळा-मुठा, इंद्रायणी, शिरूरची घोड, पेडगावजवळची भीमा. सीना आणि बोरी याच भीमेला मिळतात, तेव्हा ही यादी अर्ध्या धाराशिवचीही आहे असं म्हणायला हरकत नाही.

नव्या जातीला लॅटिन नाव द्यायचं तर शास्त्रज्ञ एकतर रंगरूपाचं वर्णन करतो, नाहीतर एखाद्या मित्राचं नाव लावतो. साइक्सनं काही नावं तशी ठेवली, लंडनच्या यॅरेल, ऑगिल्बी, व्हिगर्स या मंडळींची. पण बहुतेक ठिकाणी त्यानं काठावरच्या माणसाला विचारलं असावं, हा कुठला? आणि जे उत्तर आलं तेच नाव झालं. म्हणून जगाच्या पुस्तकांत आज स्पेराटा सींघाला आहे, तो आपला शिंगाळा. मिस्टस सींगटी आहे, ती शिंगटी. रिटा कुटुर्नी आहे, तो कटर्णा. हिप्सेलोबार्बस कोलस म्हणजे कोळशी. लॅबिओ पोटेल, लॅबिओ बोगट. रोहटी हा तर शब्द एका अख्ख्या प्रजातीचं नाव म्हणून टिकला. गोबियस कुर्पा, म्हणजे आपला खरपा, त्याला आधीच नाव मिळालं होतं असं पुढे निघालं म्हणून ते नाव मागे पडलं. पण साइक्सच्या कागदावर ते आहे.

माझ्या सगळ्यात आवडीचा नुकटा. या माशाचं थोबाड मधेच खाच पडून दुभंगलेलं असतं, नाक तोडल्यासारखं. म्हणून मराठीत नकटा. पुढे तो ज्या प्रजातीत गेला, तिचं नाव ब्लीकर या डच डॉक्टरनं ग्रीक शब्द जोडून घडवलं, स्किस्मॅटोरिंकस. अर्थ: फुटक्या नाकाचा. तेव्हा त्या माशाचं पूर्ण शास्त्रीय नाव म्हणजे ‘फुटक्या नाकाचा नकटा’. एक अर्धं जावा बेटावर बसलेल्या पंडिताचं, दुसरं अर्धं इंद्रायणीकाठच्या कुणा निनावी माणसाचं. दोघांनी पाहिलं ते एकच.

सोमेश्वर आणि साइक्स यांच्यात सातशे वर्षं आणि दोन भाषा आहेत, तरी दोघांनी एकच गोष्ट केली. पाण्यातल्या माणसाचा शब्द उचलला, आपल्या भाषेचा प्रत्यय लावला आणि खाली आपलं नाव घातलं. त्यांच्यावर रागवायचं कारण नाही, त्यांनी निदान शब्द उचलले. त्या शब्दांमागचं बाकीचं ज्ञान, म्हणजे कुठला मासा कुठल्या नक्षत्रात कुठल्या डोहात येतो, काय खातो, कधी खात नाही, ते मात्र सोमेश्वरानं थोडं टिपलं आणि साइक्सनं जवळजवळ नाहीच.

साइक्सनंतर आले ते खेळाडू साहेब. त्यांना घरची नदी हवी होती. मद्रास सरकारचा डॉक्टर फ्रान्सिस डे यानं १८६०च्या दशकात नीलगिरीत ट्राउट आणायचे प्रयत्न केले. बर्फात ठेवलेली अंडी जहाजानं आणायची, वाटेत बर्फ वितळायचा, अंडी मरायची. काश्मीरमध्ये १९००च्या सुमारास जमलं, आणि नीलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. ज्यांना डोंगर परवडत नव्हता त्यांनी महसीरवर समाधान मानलं. म्हणजे आपली खडस. हेन्री सलिव्हन थॉमसच्या १८७३च्या पुस्तकानं तर ती सॅमनपेक्षा सरस ठरवली. वाहत्या पाण्यात जोर करणारा मोठा मासा असल्यामुळे साहेबांची काठी, दोरी, चकती सगळं तिच्यावर चाललं. डोहातल्या चाऱ्याच्या शास्त्राची त्यांना गरजच पडली नाही.

याच खडशीची पुढची गोष्ट साइक्सपाशी परत येते. मुळा-मुठेतल्या माशाला त्यानं खुद्री म्हटलं होतं, आजची टॉर खुद्री. विसाव्या शतकात धरणांनी तिची वाट अडली. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या सुमारास लोणावळ्याला तिची पैदास सुरू केली. राज्याच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक चं. वि. कुलकर्णी यांचं त्यात मोठं काम. कृत्रिम रीतीनं खडशीची लाखो पिल्लं तयार झाली, हे खरोखर मोठं यश होतं. पिल्लं देशभर गेली, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःची एक महसीर होती, पाठीला उंचवटा असलेली, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. गळ टाकणाऱ्यांच्या छावण्यांमधल्या वह्यांत वर्षानुवर्षं कुठला मासा किती मिळाला याची नोंद होती. एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये त्या नोंदी मांडून दाखवल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झालं: निळ्या परांची बाहेरून आलेली खडस वाढत गेली आणि कुबडाची कावेरीची महसीर जवळजवळ नाहीशी झाली. त्या महसीरचं शास्त्रीय नाव नक्की झालं ते २०१८मध्ये, टॉर रेमादेवी. तोवर ती नष्ट व्हायच्या उंबरठ्यावर पोचली होती. गंमत म्हणजे जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जातींची जी यादी केली जाते, त्या शंभरांत तपकिरी ट्राउटही आहे आणि इंद्रधनुषी ट्राउटही. हौसेनं मासा हलवला की तो नुसता पाहुणा म्हणून राहत नाही.

धाराशिवमध्ये खेळासाठी कुणी मासे हलवले नाहीत. इथं ते पोटासाठी हलवले गेले. तलाव आणि धरणं झाली, त्यांवर मच्छीमार सहकारी संस्था आल्या, ठेके आले आणि पावसाळ्यात मत्स्यबीज सोडायची रीत आली. बीज रोहू, कटला, मृगळ यांचं, तिन्ही गंगेच्या खोऱ्यातले. त्यांच्या जोडीला आफ्रिकेतली चिलापी. ती कुणी बोलावल्याशिवायही येते आणि आली की हटत नाही. भोयाला यात तोटा झाला असं म्हणणं खोटं ठरेल. कटला दीड वर्षात विकण्याजोगा होतो, नकटा होत नाही, आणि आज नकटा धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. तरी एक हिशेब राहतो. मांजरा धरण २०१६च्या उन्हाळ्यात आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वेळी धरणाच्या तळात उरलेले मासे मरतात किंवा पकडले जातात. पूर्वी नदीत वरखाली सखोल डोह असत. दुष्काळ ओलांडून काही मासे तिथं तगत आणि पुढच्या मृगात चढणीला लागत. आता डोह वाळूउपशानं आणि उपसा मोटारींनी रिकामे होतात, आणि पाऊस आला की धरण भरतं ते हंडीतून आणलेल्या बीजानं. दुष्काळातून जे परत येतं ते बाजारात ज्याला नाव आहे तेच. शिंगटी-कटर्ण्याचं बीज कुणी विकत नाही.

मासा गेला की शब्द फार दिवस थांबत नाही. साइक्सच्या यादीतल्या काही नावांचे मराठी उच्चार आज नक्की करता येत नाहीत, कारण त्याच्या इंग्रजी अक्षरांवरून ‘इचकिया’ म्हणजे नेमकं काय म्हणत असतील ते ऐकून सांगणारं माणूस लागतं. ‘टीकानी’, ‘गोग्रा’, ‘फुलंगी’ यांचंही तेच. लंडनच्या संग्रहालयी भाषेत ते शब्द सुरक्षित आहेत, पण तिथं ते उच्चारत नाहीत. हे काम ग्रंथालयात होणार नाही. सीनेच्या किंवा तेरणेच्या काठावर साठीपुढच्या भोयासमोर ती यादी आणि माशांची चित्रं ठेवून विचारावं लागेल, हा कुठला, आणि सोमेश्वरानं विचारलं तेही विचारावं लागेल, हा खातो काय.

चारा घालून डोहातला मासा जवळ करायची रीत मात्र महाराष्ट्रात अजून जिवंत आहे, गळाशिवाय. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत वरदायिनीचा डोह आहे, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे इथं महादेवाचा. तिथं खडशी धरायची नाही असा देवाचा दंडक, आणि येणारा प्रत्येक जण चुरमुरे, फुटाणे पाण्यात टाकतो. पायांची चाहूल लागली की हात-हातभर लांबीचे मासे काठाशी येऊन तोंडं उघडतात. मत्स्यविनोदातल्या पहिल्या सगळ्या पायऱ्या तिथं रोज पार पडतात. नळदुर्गच्या बोरीला असा कुणा देवाचा डोह नाही. तिथं हस्ताचा पाऊस झाला की नर-मादी पाहायला गर्दी होते. खाली पाणी महिनाभर तरी गढूळच असतं, आणि चित्रा सरता सरता ते निवळायला लागतं.